सहा वेळा पडलेला जावई

ऑक्टोबर १९९१, दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी स्टोअर उघडलं आणि आधी झाडू हातात घेतला. खंडेनवमीच्या दुपारी पूजा झाली, दसऱ्याला कारखाना बंद, त्यामुळे झेंडूची फुलं तशीच पडून कुजली होती. पाने, घण, चेनपुली, वजनकाटा, सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. मी रॉकेलचं फडकं घेऊन एकेक वस्तू पुसत होते, कारण कुंकू घट्ट झालं की निघत नाही आणि मग फिटर मलाच ऐकवतात. शेवटच्या कपाटापाशी आले आणि थांबले. त्या कपाटातल्या सहा वस्तूंना तेल-कुंकू लागता कामा नये, असं मला बजावलेलं होतं. सहाही लाल झालेल्या होत्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एका माणसाची नोकरी गेली, आणि त्या सहा वस्तू घेऊन माणसं उंचावर चढणार की नाही, हे माझ्या खिडकीवर येऊन थांबलं. मला त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. कारखान्यातले जुने लोक अजून भेटतात, तेव्हा म्हणतात, भारी विक्षिप्त होता हो. होते. मग?

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना होता. मी तिथे स्टोअरकीपर, कुळगावातून येत असे. ते सुरक्षा अधिकारी; सगळे नुसतं साहेब म्हणत. सरकारनं असा माणूस ठेवायला लावलं म्हणून ठेवलेला. त्यांनी टेबलाशी बसून पोस्टर लावावीत आणि वर्षातून एकदा शपथ वाचावी, एवढीच व्यवस्थापनाची अपेक्षा होती. हे गृहस्थ पहिल्याच दिवशी मान वर करून आवारात फिरले आणि मान खाली न घेताच वर्क्स मॅनेजरांच्या खोलीत शिरले. म्हणाले, "तुमच्या टॉवरवर एक माणूस एका दोरावर बसलाय. दुसरा दोर कुठाय?"

टॉवर आणि चिमणी रंगवायचं काम उल्हासनगरच्या एका सिंधी शेटजींकडे होतं. त्यांची माणसं वरून एक दोर सोडायची, त्याला फळी बांधून बसायची आणि रंगवत रंगवत खाली यायची. या टोळीचा मुकादम बबन, बदलापूरच्या पलीकडच्या गावातला. दुसरा दोर म्हटल्यावर तो हसला होता. शेटजी हसले नव्हते, कारण दोर त्यांना घ्यावा लागणार होता.

दुसरा दोर आला. पाठोपाठ आमच्या परदेशी भागीदार कंपनीकडून त्या सहा वस्तू आल्या. मूठभर आकाराचा धातूचा तुकडा, आत दात असलेली जीभ, तिला स्प्रिंग. माणूस कामाच्या दोरावर बसतो. शेजारी हा दुसरा दोर वर वेगळ्या जागी बांधून मोकळा सोडलेला असतो. तुकडा या दुसऱ्या दोरावर चढवायचा आणि छोट्या पट्ट्यानं आपल्या छातीशी जोडायचा. माणूस सावकाश वर-खाली झाला तर तो दोरावरून सोबत सरकतो. माणूस एकदम कोसळला की जीभ वळते आणि दात दोर पकडतात. बबनच्या टोळीनं त्याचं नाव कुत्रा ठेवलं. मालकाच्या मागे मागे येतो आणि वेळ आली की चावतो, म्हणून. इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही. साहेबांनीही कुत्राच म्हणायला सुरुवात केली.

कुत्रा आल्यापासून त्यांनी लोकांना नमस्कार करणं सोडलं. कोणी समोर आलं की विचारायचे, "कुठंय? खांद्याच्या वर की खाली?"

कुत्रा खांद्याच्या वर असला तर माणूस फार पडत नाही, लगेच लटकतो. कमरेखाली लोंबत राहिला तर आधी तेवढं अंतर कोसळायचं, मग पट्टा संपेपर्यंत कोसळायचं, आणि मग बसणारा हिसका बरगड्या मोडतो. म्हणून हा प्रश्न. पण हा प्रश्न ते टायपिस्टला विचारत, कँटीनवाल्याला विचारत, मला विचारत. मी पहिल्यांदा म्हटलं, "साहेब, माझ्याकडे कुत्रा नाही." ते म्हणाले, "बाई, सवय लागू द्या." पुढे कांद्याचा भाव सांगतानासुद्धा खांद्याच्या वर गेला, असं म्हणू लागले. हे गमतीनं म्हणत नसत. गंमत त्यांना जमत नसे.

माझं त्यांच्याशी फार सख्य होतं असं नाही. माझ्या स्टोअरची निम्मी भिंत त्यांनी अडवली होती. तिथे जावई ठेवलेला असे.

जावई म्हणजे वाळूचं पोतं. माणसाच्या वजनाएवढी वाळू माझ्याच काट्यावर मोजून भरली, वर स्वतःचा जुना शर्ट आणि पँट चढवली, आणि सुतळीनं कंबर बांधली. महिन्यातून एकदा आवारातल्या लोखंडी चौकटीवरून ते पोतं सोडून दोर, पट्टे आणि गाठी तपासायचे. मी विचारलं, "कपडे कशाला?"

"पोतं पडलं तर लोक चहा पीत बघतात. शर्ट पडला तर कप खाली ठेवतात."

"आणि जावई का?"

"दुखापत झाली तर घरात तोंड दाखवता येत नाही."

एकदा अबकारी खात्याचा एक इन्स्पेक्टर स्टोअरमध्ये येऊन माल मोजत होता. खूप वेळानं त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "हे कधीपासून बसलेत?" मी म्हटलं, "ते जावई. बोलत नाहीत." त्यानं मोजणी लवकर आटोपली. पोत्याचा मला झालेला हा एकच फायदा.

बबनच्या माणसांची खोड वेगळी होती. खाली उतरताना कुत्र्याचे दात सारखे अडायचे. दर दोन हातांवर चावा, मग सोडवा, मग पुन्हा चावा. म्हणून ते कुत्रा मुठीत धरून, जीभ अंगठ्यानं दाबून, सर्रकन खाली यायचे. साहेब खालून ओरडायचे, "हात काढ." बबन वरून ओरडायचा, "पडलो तर सोडतो ना सायब, तेवढी अक्कल हाय मला."

यावर त्यांनी वाद घातला नाही. एका दुपारी कँटीनमध्ये बबन चहाचा ग्लास धरून बसला होता. साहेब मागून गेले आणि पत्र्याचा एक मोठा तुकडा फरशीवर आपटला. सगळी कँटीन दचकली. बबननं ग्लास इतका आवळला की चहा मनगटावरून शर्टात गेला, तरी ग्लास काही सुटला नाही.

"टाकला का नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"काय सायब तुम्ही पण. भाजलं ना."

"भाजलं तरी सोडला नाहीस. घाबरला की माणूस सोडत नाही, आवळतो. वरही आवळशील. कुत्र्याची जीभ तुझ्या अंगठ्याखाली दाबलेली राहील आणि तू जमिनीपर्यंत येशील, मुठीत कुत्रा घेऊन."

बबननं ग्लास खाली ठेवला. ज्याच्या पाठीवर उरलेला चहा उडाला होता, तो पॅकिंगमधला माणूस मात्र बरंच बोलला. साहेबांनी त्याची माफी मागितली नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "त्याला लक्षात राहील." दुसऱ्या दिवसापासून माणसं हात काढून उतरू लागली. वेळ जास्त लागायचा. शेटजी माझ्या खिडकीशी येऊन रडायचे, "मॅडम, ये आपके साहब ने मेरे आदमी को कछुआ बना दिया."

विठ्ठलवाडीला ते राहायचे. एकदा पगाराच्या कामासाठी घरी जाणं झालं. त्यांच्या पत्नीनं चहा दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही दिवसाचे आठ तास काढता. मी वाळत घातलेल्या साडीला कोणती गाठ मारली तेसुद्धा सांगावं लागतं." भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तसबिरीला एक नाही, दोन खिळे. मी बघतेय हे पाहून बाई म्हणाल्या, "एक निघाला तर, असं म्हणतात." साहेब आतून म्हणाले, "निघतो." बाईंनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जत्रा भरते, तेव्हा ते मुलीला घेऊन जायचे. देवळात जात नसत. आकाशपाळण्यापाशी उभं राहून त्याची एकेक पिन खालून न्याहाळायचे आणि पाळणेवाल्याशी भांडायचे. पाळणेवाला म्हणायचा, "साहेब, बसायचं तर बसा, नाहीतर गर्दी सोडा." ते गर्दी सोडायचे नाहीत. ती मुलगी मोठी होईपर्यंत पाळणा खालूनच बघत आली. एवढं झाल्यावर मुलगी बापावर चिडलेली असेल असं मला वाटायचं. तिला विचारलं तर म्हणाली, "मागच्या वर्षी त्यांनी दाखवलेली पिन खरंच वाकडी होती."

आता दसऱ्याचं.

कुत्रे आल्यानंतरचा तो पहिलाच दसरा. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. धुवायचं, तेल लावायचं, हळदकुंकू, फूल. मीही माझ्या काट्याची करते, अजून करते. आठवडाभर आधी साहेबांनी जाहीर केलं की दोर आणि कुत्रे पूजेत ठेवायचे नाहीत.

बबन टोळी घेऊन स्टोअरसमोर आला. "सायब, पान्याची पूजा, घणाची पूजा, आन ज्याच्यावर आमचा जीव टांगलाय त्याचीच नाय?"

"नाही."

"निदान फूल?"

"फूल कपाटाला लाव. कुत्र्याला तेल नको, कुंकू नको, हळद नको. दात गुळगुळीत झाले तर काय धरतील?"

मागून कोणीतरी म्हणालं, फार मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं: "त्यांच्यात करत नाहीत ना."

ते बौद्ध होते आणि दरवर्षी दसऱ्याला रजा टाकून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. समोर कोणी बोलत नसे. त्या दिवशी बोललं. साहेब त्या आवाजाकडे वळले.

"बरोबर. आमच्यात करत नाहीत. पण तेल लावलं की तुमचंही घसरतं आणि आमचंही घसरतं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कपाटाला कुलूप," आणि निघून गेले. दोन दिवसांनी नागपूरच्या गाडीत बसले.

नवमीच्या दुपारी वर्क्स मॅनेजर स्वतः स्टोअरमध्ये आले. "मॅडम, लेबरचा सेंटिमेंट आहे. ते कपाट उघडा."

"साहेबांनी नको म्हणून सांगितलंय."

"मी कोण आहे?"

"वर्क्स मॅनेजर."

"मग?"

"मग तुम्ही उघडा."

त्यांनी ऑफिसातून दुसरी किल्ली मागवली आणि उघडलं. बबननं सहाही कुत्रे पाटावर लाल कापडावर मांडले. त्याच्या इतकं मन लावून पूजा करताना मी कोणाला पाहिलं नाही. प्रत्येक कुत्र्याची जीभ दाबून त्यानं आत गोडेतेलाची धार सोडली, तान्ह्याच्या कानात सोडतात तशी. मी म्हटलं, "बबन, आत नको." तो म्हणाला, "ताई, वर्सभर गंजायचा नाय." वर हळद, कुंकू, फूल. तेल आणि कुंकू मिळून दातांच्या फटीत लाल चिखल झाला. कोणाचं वाईट व्हावं म्हणून यातलं काहीच कोणी केलं नव्हतं, हे मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब कल्याणला उतरून घरी न जाता थेट कामावर आले. पांढरा शर्ट गाडीत चुरगळलेला, खांद्याला पिशवी. मी कपाट दाखवलं. त्यांनी एक कुत्रा उचलला, जीभ दाबली, बोट आत घालून बाहेर काढलं. बोट लाल झालं. ते बोट त्यांनी रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "काम बंद."

काम बंद म्हणजे साधी गोष्ट नव्हती. टॉवरच्या रंगकामासाठी एक विभागच बंद ठेवलेला होता आणि दोन दिवसांत तो सुरू करायचा होता. थोड्या वेळात वर्क्स मॅनेजर आवारात, शेटजी उल्हासनगरहून हजर, बबनची टोळी पट्टे बांधून उभी.

"रॉकेलनं धुवा आणि द्या," मॅनेजर म्हणाले.

"आतल्या स्प्रिंगपर्यंत गेलंय. खोलून बघायची परवानगी आपल्याला नाही."

"म्हणजे ते धरणार नाहीत असं तुमचं म्हणणं आहे?"

"धरतील की नाही मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून नाही."

बबन म्हणाला, "पूजा केली म्हणून बाद करताय सायब. तसं सरळ सांगा." प्रश्न आता तेलाचा राहिला नव्हता. साहेब आणखी दोन वाक्यं बोलले असते तर उद्या कारखान्याच्या दारात वेगळीच मिटिंग भरली असती.

मॅनेजरांना वाटलं, हीच वेळ आहे. "एवढी शंका आहे तर टेस्ट करा. तुमचा तो जावई आहे ना? सगळ्यांसमोर पाडा. धरलं तर माणसं वर जातील."

साहेबांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "किती पाडू?"

"सगळे. नंतर एक राहिला म्हणून पुन्हा अडवाल."

"सहाच्या सहा. सगळ्यांसमोर सांगताय."

"सहाच्या सहा."

जावयाला चौघांनी उचलून चौकटीखाली आणलं. दोर सोडला, पहिला कुत्रा चढवला, जावयाची कंबर पट्ट्यानं त्याला जोडली, चेनपुलीनं वर घेतलं आणि वरची गाठ सोडली. जावई कोसळला. कुत्रा हातभर घसरला आणि मग त्यानं धरलं. जावई हेलकावे खात लटकला, पँट मांडीपाशी उसवलेली. टोळीनं टाळ्या वाजवल्या.

दुसरा, तिसरा, चौथा. कोणी थोडा घसरला, कोणी जास्त, पण सगळ्यांनी धरलं. पाचव्याला शेटजी म्हणाले, "साईं, और कितना मुहूर्त निकालना है?" लोक हसायला लागले होते. कुणीतरी जावयाला म्हणालं, "पावनं, दमला असाल, चा घ्या." सहाव्यानंही धरलं. बबननं हात जोडले. मॅनेजर म्हणाले, "झालं समाधान?"

"झालं," साहेब म्हणाले. "आता हे सहाही बाद."

"काय?"

"एकदा पडणं धरलेला कुत्रा परत दोरावर जात नाही. बनवणाऱ्याकडे जातो, तो तपासतो, तो ठरवतो. हे ज्या डबीतून आले तिच्यावरच छापलंय. इंग्रजीत आहे, तुम्हाला वाचता येईल." त्यांनी खिशातून डबी काढून पुढे केली. मॅनेजरांनी ती हातात घेतली नाही.

"तुम्ही मला फसवलंत."

"तुम्ही सांगितलंत, मी केलं. दोनदा विचारलं होतं."

मॅनेजरांचा चेहरा मी लिहीत बसत नाही. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून कामावर यायचं नाही. पत्र घरी येईल." मग वळून मला म्हणाले, "मॅडम, हे सहा पीस धुऊन ठेवा. उद्या सकाळी बबनला द्यायचे. एकदा धरलंय, परत धरतील."

लोक पांगले. साहेब सामान घ्यायला स्टोअरमध्ये आले. मी रागावलेच होते. म्हटलं, "तेलामुळे बाद, एवढं लेखी दिलं असतंत तर नोकरी राहिली असती. ही नाटकं कशाला?"

ते पिशवी भरत होते. "तेलामुळे बाद म्हटलं असतं तर बबनला काय ऐकू आलं असतं? यानं आमचा देव बाद केला. मग तो हट्टानं तेच घेऊन चढला असता, आणि पुढच्या वर्षी दुप्पट तेल घातलं असतं. आता ते मी पाडून बाद केलेत. पूजेचा संबंध नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरेल."

"आणि धरलं नसतं तर?"

"तर काम सोपं होतं. धरलं म्हणून अवघड झालं."

मग त्यांनी विचारलं, कँटीनमध्ये उसळ उरली असेल का. गाडीत काही खाल्लं नव्हतं. दोन बशा खाल्ल्या आणि गेले. कपाटाचं काय करा, मॅनेजरांना काय सांगा, यातलं एक अक्षर मला बोलले नाहीत. मला ते बरं वाटलं. सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मला कोणी सांगितलेलं आवडत नाही.

सुटीच्या वेळी बबन खिडकीशी आला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "ताई, उद्या देणार ना?"

"तुला हवाय का?"

"मला काय विचारताय. तुम्ही दिला तर चढायचं. नाय चढलो तर शेट दुसरी मानसं आनतो, उल्हासनगरात लाइन लागलीय." तो जायला निघाला, पुन्हा वळला. "तो तिसरा लय घसरला ना?"

"तिसरा आणि पाचवा."

"मी पण तेच बगितलं," तो म्हणाला आणि गेला.

साहेब आमच्या कारखान्यात परत आले नाहीत. चौकशी झाली, पत्रं झाली, त्यांनी माफी लिहून दिली असती तर घेतलंही असतं, पण त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं की डबी वाचावी. पुढे बदलापूरच्या एका कारखान्यात लागले. कुळगावच्या बाजारात कधी भेटायचे, आणि भाजीच्या पिशवीच्या दोन्ही बंदांना गाठी मारलेल्या असायच्या. त्यांना अन्याय झाला असं कधी वाटलं नाही. चूक मॅनेजरांची होती, शिक्षा साहेबांना झाली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. मला मात्र अजून राग येतो. मी तो सोडणारही नाही.

पण सांगत होते दुसऱ्या दिवशीचं. मी नेहमीपेक्षा लवकर निघाले, वॉचमनकडून दार उघडून घेतलं आणि सहाही कुत्रे घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. तिथे अजून कोणी नव्हतं. पहिला शिकंज्यात आवळला आणि हॅकसॉनं मधोमध कापायला घेतला. धातू कठीण होता, एक पातं तुटलं, दुसरं लावलं. आतून तेलकट लाल गाळ बाहेर आला, तो साडीला लागू नये म्हणून पदर खोचला. सहाही कापून झाले, तेव्हा हाताला फोड आले होते. तुकडे स्टोअरच्या खिडकीबाहेरच्या भंगाराच्या पिंपात टाकले, आत येऊन हात धुतले, हेल्मेटं आणि पट्टे मांडले आणि खिडकी उघडली.

बबन पहिला होता. "कुत्रे?"

"कापले."

त्यानं पिंपाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग पट्टा न घेताच खिडकीखालच्या कट्ट्यावर बसला. मागून आलेली माणसं त्याच्याशेजारी एकेक करून बसत गेली.

मी फोन उचलला आणि वर्क्स मॅनेजरांना सांगितलं, "सहाही मी भंगारात काढलेत. टोळी खाली बसली आहे. नवीन मागवायचे असतील तर सही करायला या, कागद मी टाइप करून ठेवलाय."

ते ओरडायला लागले. मी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि बबनच्या माणसांसाठी चहा सांगितला.